स्वर्गाची आशा आणि अपुऱ्या कामाची निष्ठा

ख्रिस्ती माणसाने स्वर्गाच्या आशेवर दृष्टी ठेवून अखेरपर्यंत विश्वासू राहावे, या शिकवणुकीवर जे आक्षेप घेतले गेले त्यांतले दोन सर्वांत वजनदार आक्षेप एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी आलेले आहेत. पहिला आक्षेप मार्क्सचा. हेगेलच्या राज्यविचारावरील टीकेच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रस्तावनेत त्याने धर्माला अफूची उपमा दिली, आणि तेव्हापासून परलोकाची आशा ही इहलोकातले दुःख सोसायला लावणारी गुंगी आहे, असे मानण्याचा प्रघात पडला. दुसरा आक्षेप भक्तीच्याच पोटातून येतो आणि महाराष्ट्राला तो अधिक ओळखीचा आहे. वारकरी संतांनी भक्तीचे सुख मुक्तीहून थोर मानले, तुकारामांनी तर मोक्ष बाजूला सारून संतसंगतीसाठी पुन्हा जन्म मागितला. त्या संस्कारात वाढलेल्या मनाला, देवाची सेवा करून बदल्यात स्वर्ग मागणारा माणूस भक्त न वाटता व्यापारी वाटला तर नवल नाही. एका आक्षेपानुसार ही आशा माणसाला जगाच्या कामातून उठवते, दुसऱ्यानुसार ती त्याला देवापुढे हलका करते. दोन्हींत तथ्य आहे आणि ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात दोन्हींना पुरेसे पुरावे सापडतात. मात्र दोन्हींनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे: स्वर्गाची आशा म्हणजे काम संपल्यावर हाती पडणाऱ्या वस्तूची आशा. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या आशेचे खरे कार्य काम चालू असतानाच घडते. ज्या कामाचा शेवट आपल्याला दिसणार नाही, त्या कामाशी आयुष्यभर एकनिष्ठ राहण्याची क्षमता ती माणसाला देते. आणि ती खरी की खोटी याची पारखही तेथेच होते.

नव्या करारातल्या लेखकांच्या मनात स्वर्ग म्हणजे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. लोकांच्या कल्पनेतला स्वर्ग बहुधा प्लेटोच्या वळणाचा असतो: देह मातीत पडतो, आत्मा सुटतो आणि वर निघून जातो. पौलाची आशा निराळी होती. तिचा गाभा पुनरुत्थान हा आहे, म्हणजे मेलेल्यांचे रूपांतरित देहासहित पुन्हा उठणे. आणि तिचा विस्तार नव्या आकाशापर्यंत व नव्या पृथ्वीपर्यंत जातो. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे वर चढून जात नाहीत, पवित्र नगरीच खाली उतरते, आणि पृथ्वीवरील राजे आपले वैभव तिच्या वेशीतून आत आणतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय हा या आशेचा सर्वांत मोठा युक्तिवाद. अठ्ठावन्न वचनांचा तो अध्याय मृत्यूच्या पराभवाच्या घोषणेपर्यंत पोहोचतो आणि शेवटच्या वचनात एकदम वाचकांच्या रोजच्या श्रमांकडे वळतो: स्थिर राहा, कारण हे श्रम वाया जाणार नाहीत. पुढचा अध्याय यरुशलेममधल्या गरजू बांधवांसाठी करावयाच्या वर्गणीने सुरू होतो, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे काहीतरी बाजूला काढून ठेवावे अशी अगदी व्यवहारी सूचना त्यात आहे. मूळ पत्रात अध्यायांची विभागणी नव्हती, ती कित्येक शतकांनंतरची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पौलाच्या मनात पुनरुत्थान आणि वर्गणी यांच्यामध्ये केवढे थोडे अंतर होते ते कळते.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तो ख्रिस्ती लोकांचे नागरिकत्व स्वर्गात असल्याचे सांगतो. फिलिप्पै हे मासेदोनियातले रोमन वसाहतीचे शहर होते. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये तेथे झालेल्या लढाईनंतर निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन ती वसाहत वसवली गेली. तिथला रोमन नागरिक हा रोमला परत जाण्याची वाट पाहणारा प्रवासी नसे. रोमची रीत, रोमचा कायदा त्या दूरच्या मुलखात चालवणे हेच त्याचे नागरिकत्व असे. वाचकांना हा संदर्भ अंगवळणी पडलेला असणार, म्हणून स्वर्गाचे नागरिक असण्याचा त्यांनी घेतलेला अर्थ ‘येथून सुटका’ असा असण्याची शक्यता कमी. त्याच पत्रात बंदिवान पौल स्वतःच्या मनाची ओढाताण उघड करतो: ख्रिस्ताजवळ जाणे त्याला अधिक हवेसे वाटते, पण मंडळीसाठी मागे राहणे अधिक गरजेचे आहे, म्हणून तो राहतो. मरणाची भीती नसलेला माणूस जगण्याची निवड करतो ती इतरांसाठी. या आशेचे याहून चांगले वर्णन शोधणे कठीण.

आता व्यापाराचा आक्षेप. ख्रिस्ती विचारवंतांनी तो बाहेरच्यांच्या आधी स्वतःच स्वतःवर घेतला होता. फ्रान्समधल्या कांब्रे येथील आर्चबिशप फेनेलाँ याने १६९७ मध्ये संतांच्या वचनांवर एक ग्रंथ लिहून असे मांडले की, प्रीतीच्या सर्वोच्च अवस्थेत आत्मा स्वतःच्या तारणाविषयीही उदासीन होतो; देवाची इच्छा असेल तर नरकही चालेल, अशी ती अवस्था. मो येथील बिशप बोस्युए याने या मताशी जोरदार झुंज दिली, प्रकरण रोमला गेले, आणि १६९९ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी त्या ग्रंथातली तेवीस विधाने दोषार्ह ठरवली. फेनेलाँने निर्णय निमूटपणे मान्य केला. या वादात राजदरबारातले हेवेदावे पुष्कळ होते आणि माणूस म्हणून फेनेलाँ बोस्युएपेक्षा अधिक भावतो, यात शंका नाही. तरीही रोमचा निर्णय योग्य होता असे म्हणावे लागते. स्वर्ग ही जर देवाहून वेगळी एखादी मालमत्ता असती, तर तिची इच्छा सोडणे थोरपणाचे ठरले असते. परंतु ऑगस्टीनपासून चालत आलेली शिकवण अशी की, स्वर्गातले बक्षीस म्हणजे देव स्वतःच. मग देवावर प्रीती करायची पण देवाच्या भेटीविषयी उदासीन राहायचे, हे प्रीतीचे शुद्ध रूप कसे म्हणावे? आईवर माया करणारे मूल ‘तू भेटलीस काय, न भेटलीस काय, सारखेच’ असे म्हणाले, तर त्याला कोणी निःस्वार्थ म्हणणार नाही. तुकारामांचा नकारही नीट पाहिला तर याच बाजूचा निघतो. ते मोक्ष सोडतात तो देवाच्या सहवासासाठी. सहवास सोडून देणारी विरक्ती त्यांना कधीच मान्य झाली नसती. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला, ज्यात संध्याकाळी आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते, व्यापारी हिशेबाला उघडउघड धक्का देतो. मजुरीची भाषा तेथे आहे, पण हिशेब मुद्दाम मोडलेला आहे.

मराठी वाचकाला येथे गीतेतला निष्काम कर्मयोग आठवणे अपरिहार्य आहे, कारण लोकमान्य टिळकांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’ने तो विचार शिकलेल्या महाराष्ट्राच्या हाडीमाशी खिळवला. फळाची आसक्ती सोडून कर्तव्य करीत राहणे आणि फळ न दिसताही विश्वासू राहणे या दोन वृत्ती वागणुकीत एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की बाहेरून पाहणाऱ्याला त्यांत फरक करता येऊ नये. फरक आहे तो फळाच्या वाटणीला काय येते यात. निष्काम कर्मात कर्ता फळावरचा हक्क सोडतो. ख्रिस्ती आशेत तो फळ देवाकडे ठेव म्हणून ठेवतो, आणि ठेवीची आठवण ठेवण्याची, तिच्यासाठी तळमळण्याचीही त्याला मुभा असते. म्हणूनच स्तोत्रसंहितेत इतकी गाऱ्हाणी आहेत, आणि प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मे, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेले लोक, न्यायाला अजून किती अवकाश आहे असे देवाला विचारतात. स्वर्गात पोहोचलेले लोकही तक्रार करतात, ही गोष्ट उपदेशांतून फारशी सांगितली जात नाही. ख्रिस्ती आशा समत्वाची शिकवण देत नाही. अन्यायाची बोच तशीच ठेवून ती माणसाला टिकून राहायला सांगते, आणि या बाबतीत गीतेचा मार्ग अधिक शांत आहे हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

विश्वासूपणा तुटतो कोठे? पहिले उत्तर अर्थातच छळाचे. सम्राट डीसियसने २५० च्या सुमारास साम्राज्यातल्या सर्वांनी देवतांना बळी अर्पावा आणि तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. असे काही दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी धूप जाळून वेळ निभावली, काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे मंडळीच्या दाराशी परत आले, तेव्हा त्यांचे काय करायचे यावरून मोठा तंटा झाला. रोममधल्या नोवेशनचा पक्ष त्यांना परत घ्यायला तयार नव्हता. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पश्चात्तापानंतर दार उघडण्याचा मार्ग काढला. सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता आणि त्यावरून त्याला बोलही लागले होते. पुढच्या छळात मात्र तो पळाला नाही, आणि २५८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. नोवेशनचा कडकपणा तर्काला धरून होता, पण तीनदा नाकारून परत आलेल्या पेत्राला त्या तर्कात जागा नव्हती. विश्वासूपणाच्या कल्पनेत पडणे आणि परत उठणे यांचा समावेश करावा लागतो, एरवी तो केवळ न पडलेल्यांचा गर्व होऊन बसतो.

तथापि छळाने तुटलेल्यांपेक्षा कंटाळ्याने सुटलेल्यांची संख्या नेहमीच अधिक असणार. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला आणि ३९९ मध्ये वारलेला इव्हाग्रियस हा संन्यासी या रोगाचा पहिला थोर निदानकार. ‘अकेडिया’ हे त्याने वर्णिलेल्या विकाराचे नाव. त्याला आळस म्हणणे अपुरे आहे, कारण अकेडियाने ग्रासलेला माणूस पुष्कळदा फार धावपळ करतो. हा भुताटकीचा विचार भर दुपारी येतो, सूर्य जागचा हलत नाही असे वाटायला लावतो, संन्याशाला पुन्हापुन्हा कोठडीबाहेर डोकवायला लावतो. ही जागा वाईट आहे, दुसरीकडे अधिक चांगली सेवा घडेल, येथल्या बांधवांत प्रेम उरलेले नाही, असे सुचवतो. आणि सरतेशेवटी त्याच्यापुढे लांबलचक आयुष्याचे चित्र उभे करतो, ज्यात हेच कष्ट अजून कित्येक वर्षे करायचे आहेत. हे शेवटचे लक्षण महत्त्वाचे. दुःख फार झाले म्हणून हा माणूस खचत नाही, पुढचा काळ रिकामा दिसतो म्हणून खचतो. इव्हाग्रियसने आपल्या गुरूचा म्हणून जो उपाय सांगितला आहे तो मोठा मार्मिक आहे: संन्याशाने उद्याच मरायचे आहे अशा तयारीने जगावे, आणि शरीराची निगा मात्र ते पुष्कळ वर्षे टिकायचे आहे अशी ठेवावी. पहिल्या अर्ध्याने रिकाम्या काळाचे चित्र पुसले जाते, दुसऱ्याने घाई आणि देहदंडाचा अतिरेक आवरला जातो. स्वर्गाची आशा रोजच्या दिवसात कशी वापरायची, याची ही रीत झाली.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने हाच धागा शास्त्रीय भाषेत विणला. त्याच्या मते आशेचा विषय चार गुणांचा असतो: तो चांगला असतो, भविष्यातला असतो, कठीण असतो आणि तरीही शक्य असतो. कठीणपणा विसरला की गृहीत धरण्याचे पाप घडते, म्हणजे देव तारणारच तेव्हा काहीही केले तरी चालेल अशी बेफिकिरी. शक्यता विसरली की निराशा येते. निराशेचे मूळ त्याने अकेडियात दाखवले आहे. माणूस सहसा युक्तिवादाने निराश होत नाही. दैवी गोष्टींची चव हळूहळू जाते, त्या मिळवण्याजोग्या वाटेनाशा होतात, आणि मग अविश्वासाची कारणे मागाहून सापडतात. आजच्या शहरी मंडळ्यांतून माणसे का गळतात याची चिकित्सा करणाऱ्यांनी विज्ञानाकडे बोट दाखवण्याआधी हे पान वाचायला हरकत नाही.

अखेरपर्यंत टिकणे कोणाच्या बळावर, हा वाद येथे थोडक्यात आटोपता येतो. ऑगस्टीनने आयुष्याच्या शेवटी लिहिले की टिकून राहणे हेही देवाचे दान आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये हे दान मान्य करून, ते आपल्याला मिळालेच आहे अशी पक्की खात्री विशेष प्रकटीकरणावाचून कोणी बाळगू नये, असे ठरवले. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेत कॅल्व्हिनपंथीयांनी निवडलेले लोक अखेरपर्यंत राखले जातात आणि त्यांना तशी खात्रीही बाळगता येते, असा निर्णय दिला. सिद्धांतात अंतर मोठे आहे. परंतु रोज सकाळी उठून प्रार्थना करणाऱ्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट म्हाताऱ्यांच्या वागण्यात ते शोधू जाता सापडणे अवघड.

मार्क्सचा आक्षेप मात्र असा सहज आटोपत नाही. स्वर्गाची आशा ही कोण कोणाला सांगतो यावर तिचे रूप बदलते. स्वतः सोसणारा माणूस ती धरून उभा राहतो तेव्हा ती बळ असते. सोसायला लावणारा ती दुसऱ्याच्या हातात ठेवतो तेव्हा ती नेमकी अफू होते. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी गुलामांना आज्ञाधारकपणा आणि परलोक यांची एकत्र शिकवण दिली, आणि त्याच गुलामांनी त्याच शास्त्रातून मिसरातल्या दास्यातून सुटलेल्या इस्राएलाची कथा उचलली. महाराष्ट्रात अहमदनगर, जालना या भागांत गेल्या दोन शतकांत मोठ्या संख्येने ख्रिस्ती झालेल्या दलितांचा अनुभवही या कसोटीवर लावून पाहावा लागतो. ख्रिस्तात भेद नाही असे ऐकून ते मंडळीत आले, आणि जात मंडळीतही पुरती सुटली नाही. दुसरीकडे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना वगळले, पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. अशांना धीर धरण्याचा उपदेश करणाऱ्याने स्वतः कशाची वाट पाहत दिवस काढले आहेत, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. नवी पृथ्वी ही जर या पृथ्वीचे नूतनीकरण असेल, तर येथला भेदभाव तेथे चालणार नाही एवढे सांगून भागत नाही. जे तेथे चालणार नाही ते येथल्या मंडळीत आताच बेकायदा ठरते.

आशा स्वतःच्या अंगावर घेणे म्हणजे काय, याचे मराठीतले सर्वांत भरीव उदाहरण पंडिता रमाबाईंचे. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये आणि पती १८८२ मध्ये गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनीमंडळाने त्यांना आसरा दिला त्याच्याशीही श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी पत्रांतून कडक वाद घातला, कारण विश्वासू राहणे आणि वरिष्ठांच्या मुठीत राहणे त्यांच्या लेखी एक नव्हते. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढे ते पुण्यात, आणि १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत उपाशी मुलींना गोळा करून केडगावला उभे राहिलेले मुक्ती मिशन, हे काम सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी बोलले जाते ते त्यांच्या शेवटच्या कामाविषयी. १९०५ च्या सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांच्या अभ्यासाच्या आधारे संपूर्ण पवित्र शास्त्राचे नवे मराठी भाषांतर आरंभिले, साध्या खेडवळ बायकांना समजेल अशा मराठीत. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच आश्रमाच्या छापखान्यात केली. ज्यांना समाजाने ओझे म्हणून टाकले होते त्यांच्या हातांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची पाने छापली गेली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती सगळा कारभार सोपवायचा होता, ती वारली. रमाबाई भाषांतराच्या कामात राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९२४ मध्ये.

पुढची गोष्ट उत्साहवर्धक नाही, आणि ती टाळून रमाबाईंचा गौरव करणे अप्रामाणिक होईल. मराठी मंडळ्यांनी ते भाषांतर आपलेसे केले नाही. उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती वाचली जात राहिली, आणि रमाबाईंचे शास्त्र प्रामुख्याने अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय झाले. यशाच्या मापाने पाहिले तर सुमारे सतरा वर्षांचे श्रम निष्फळ ठरले असे म्हणावे लागेल. स्वर्गाच्या आशेचा प्रश्न येथे अगदी टोकाला येऊन उभा राहतो: जे काम केवळ अपुरे राहिले नाही, पुरे होऊनही स्वीकारले गेले नाही, त्याचे काय? पौलाचे श्रम वाया न जाण्याचे आश्वासन हे काम जगात यशस्वी होईल असे सांगत नाही, आणि ते तसे सांगते असे समजणाऱ्या उपदेशकांनी मंडळीचे बरेच नुकसान केले आहे. ज्या देवाने मेलेल्या ख्रिस्ताला उठवले, त्याच्या हिशेबात मेलेले काम मेलेलेच राहील असे धरून चालता येत नाही, एवढेच ते सांगते. हा पुरावा नव्हे, हा विश्वासच आहे. आणि ज्याला तो पटत नाही त्याने रमाबाईंची सतरा वर्षे मात्र समजावून सांगितली पाहिजेत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. ख्रिस्ताचे चरित्र मराठी महाकाव्यात बांधण्याचा संकल्प करून टिळक सुरुवातीच्या काही अध्यायांपर्यंतच पोहोचले आणि १९१९ मध्ये गेले. पुढचे बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. टिळकांच्या १८९५ मधल्या बाप्तिस्म्याने ज्यांचा संसार उद्ध्वस्त झाला, ज्या कित्येक वर्षे नवऱ्याच्या नव्या धर्माला नाकारत राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, त्या बेताच्याच शिक्षणाच्या बाईंनी ते काम उचलले. त्या १९३६ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये बाहेर आला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात हाबेलापासून पुढच्या विश्वासू पूर्वजांची नामावळी देऊन लेखक एक विलक्षण विधान करतो: या सर्वांना वचनाचे फळ मिळाले नाही, कारण मागून येणाऱ्यांवाचून त्यांना पूर्णता मिळू नये अशी देवाची योजना होती. विश्वासू माणूस स्वर्गाची वाट एकट्याने पाहत नाही. त्याची पूर्णता अजून जन्माला न आलेल्या, किंवा लक्ष्मीबाईंप्रमाणे एके काळी विरोधात उभ्या असलेल्या, कोणाच्या तरी हाती अडकलेली असते. वैयक्तिक तारणाच्या हिशेबात रमलेल्या ख्रिस्ती धार्मिकतेला हे विधान पचणे जड जाते, आणि स्वर्गावरच्या प्रवचनांत या अध्यायाचे अखेरचे वचन बहुधा वगळले जाते ते त्यामुळेच असावे.